कंपास, सेक्सटंट, गॅल्व्हानोमीटर: टेलिग्राफ मोहिमांची यंत्रं स्वतः वापरून कशी बघायची

२२ एप्रिल १८६० ला ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात शोधमोहिमा करणाऱ्या जॉन मॅकडुअल स्टुअर्टने डायरीत एक आकडा लिहिला, १११ अंश ० मिनिटं ३० सेकंद, आणि लिहिलं की सूर्याच्या या मापावरून मी आज ऑस्ट्रेलियाच्या मधोमध तळ टाकून आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी दिवस तो आकडा डोक्यातून जाईना, कारण सूर्य अगदी डोक्यावर आला तरी उंची ९० अंशच होते, मग १११ आले कुठून? ते कळायला मला शेवटी एक सेक्सटंट, म्हणजे आरशांनी कोन मोजायचं यंत्र, आणि ट्रेभर काळं तेल घेऊन उन्हात बसावं लागलं, आणि तिथून मला या यंत्रांचा नाद लागला.

दहा वर्षांनी स्टुअर्टच्याच वाटेने ओव्हरलँड टेलिग्राफची तार गेली. दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत सुमारे ३२०० किलोमीटर, ३६,००० च्या आसपास खांब, म्हणजे दर मैलाला साधारण १८, आणि सगळ्यावर एकच लोखंडी तार. काम चार्ल्स टॉडच्या हाताखाली १८७० ला सुरू झालं आणि २२ ऑगस्ट १८७२ ला दोन्ही टोकं जोडली गेली. हा टॉड मुळात खगोलवाला, ग्रीनिच आणि केंब्रिजच्या वेधशाळेत काम करून १८५५ ला अ‍ॅडलेडला आलेला, त्यामुळे त्याच्या कामात तार आणि तारे कायम एकत्र दिसतात.

खाली जे लिहितोय ते वाचून सोडून द्यायला नाही, करून बघायला लिहितोय. सगळी यंत्रं हवीत असं नाही, एक जरी असलं तरी चालेल. फक्त एक सवय पहिल्यापासून लावून घ्या, कुठलंही माप एका बाजूने घेऊन थांबायचं नाही, उलट बाजूने परत घ्यायचं. त्या काळात ही यंत्रं उंटाच्या आणि घोड्याच्या पाठीवर आदळत जायची, दुरुस्तीचं दुकान हजार मैल लांब, त्यामुळे यंत्रात चूक असणारच हे धरूनच ते लोक मोजायचे आणि उलटसुलट मोजून ती चूक बाहेर काढायचे. पुढे प्रत्येक यंत्रात हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात दिसेल.

विकत घेणार असाल तर आधी एवढं बघा. बाजारात पितळी सेक्सटंट आणि कंपास ढिगाने मिळतात, लाकडी पेटीत, वर जुनं साल कोरलेलं, पण बरेचसे नुसते शोभेचे असतात. सेक्सटंटची भुजा, म्हणजे हलती पट्टी, सरकवून बघा, ती अंश कोरलेल्या सगळ्या कमानीवर सारखी सरकते का, आरसे मागच्या स्क्रूने हलवता येतात का, व्हर्निअरच्या, म्हणजे अंशाचे बारीक भाग वाचायच्या छोट्या पट्टीच्या, रेघा नीट जुळतात का. यातली एखादी गोष्ट जरी नसेल तर त्याने माप होणार नाही. शिकायला प्लास्टिकचा सरावाचा सेक्सटंट त्यापेक्षा कितीतरी बरा. आणि खरोखरीचं जुनं यंत्र हाती लागलं तर कृपा करून पितळ घासू नका. जुन्या चांगल्या सेक्सटंटच्या कमानीवर चांदीची पट्टी बसवलेली असते आणि अंशांच्या रेघा त्या पट्टीवर केसाएवढ्या बारीक कोरलेल्या असतात, पॉलिशने त्या पुसट होतात आणि एकदा गेल्या की यंत्र संपलं. मऊ कोरडा ब्रश आणि सुती कापड, बास.

कंपासपासून सुरुवात करा

प्रिझमॅटिक कंपास म्हणजे सर्व्हेवाल्याचा खिशातला सोबती. लंडनच्या श्माल्काल्डरने १८१२ ला पेटंट घेतलं आणि नंतर शंभरेक वर्षं रूप फारसं बदललं नाही. डोळा प्रिझमला लावायचा, समोरच्या केसासारख्या उभ्या तारेवर लांबचं झाड धरायचं, त्याच वेळी प्रिझममधून खालच्या तबकडीवरचा आकडा दिसतो. तबकडीवरचे आकडे उलटे छापलेले असतात आणि शून्य दक्षिण टोकाला असतं, नवीन माणसाला वाटतं डिफेक्टिव्ह पीस आला. नाही, प्रिझममधून बघितलं की आकडे सरळ होतात, आणि आपण वाचतो डोळ्याकडच्या बाजूने म्हणून शून्य मागे.

आता उलटून मोजणं. अ वरून ब कडे बघितलं, समजा ६२ अंश आले. ब ला चालत जा आणि तिथून अ कडे बघा, १८० चा फरक पडायला हवा म्हणजे २४२ यायला हवेत. आले २४७, तर पाच अंश कुठेतरी लोखंडाने खाल्ले. याला सर्व्हेत लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणतात, डिप्लोमा केलेल्यांना आठवत असेल. मी एकदा गच्चीवर बसून समोरच्या टेकडीचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, घेत होतो, चार वेळा घेतलं, चारही वेळा आकडा तोच, म्हटलं झालं. टेकडीवरून उलट घेतलं तेव्हा सहा अंशांचा फरक निघाला, गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया काटा ओढत होत्या. एकाच जागेवरून चार वेळा मोजून ती चूक चारही वेळा तशीच येणार, ती दिसते फक्त दुसऱ्या टोकावरून. टेलिग्राफवाल्यांना तर हा त्रास कायमचा, कारण लोखंडी तारेची बंडलं त्यांच्या गाडीतच. तुमच्याकडे गाडी, पट्ट्याचं बक्कल, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक, सगळं लांब ठेवा, आणि ज्या दोन जागांमध्ये पुढचं मागचं बेअरिंग अचूक १८० ने जुळतं त्या जागा बरोबर धरून बाकीच्या दुरुस्त करत जा. शेवटी त्या भागाचं चुंबकीय डेक्लिनेशन मिळवा किंवा वजा करा, कारण काटा खऱ्या उत्तरेला बघत नाही.

अंतरासाठी गंटरची साखळी, ६६ फूट, १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल. आपल्याला ही परकी नाही, तिच्या निम्म्या ३३ फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजेच आपला गुंठा, १०८९ चौरस फूट. साखळी वापरून वापरून कड्या ताणतात आणि लांब होते, म्हणून कामाआधी आणि कामानंतर दोन्ही वेळा पक्क्या मापाशी ताडून बघायची. साखळी नसेल तर पावलं मोजा, पण आधी १०० मीटर आखून जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजून सरासरी काढा, चढ असेल तर जाण्यायेण्यात चांगलाच फरक येतो.

उंची: उकळतं पाणी आणि अनेरॉइड

पाऱ्याचा बॅरोमीटर सगळ्यात खात्रीचा पण जवळजवळ हातभर लांबीची काचेची नळी रानावनातून नेणं म्हणजे ती फुटणारच, म्हणून मोहिमेवर दोन पर्याय असायचे. पहिला हायप्सोमीटर, म्हणजे छोटं भांडं, खाली स्पिरिटचा दिवा आणि वर थर्मामीटर. उंचावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, समुद्रसपाटीला २१२ डिग्री फॅरनहाइट आणि वर जाल तसं साधारण दर ५५० फुटांना एक डिग्री कमी. अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या आसपास, जिथे १८७१ ला सर्व्हेअर मिल्सला तारेसाठी डोंगरातून वाट सापडली, तिथे वाफेचं तापमान साधारण २०८.६ येईल. २१२ मधून वजा केले की ३.४, त्याला ५५० ने गुणलं की १८७० फूट, म्हणजे ५७० मीटर, आणि तो भाग खरंच तेवढ्याच उंचीवर आहे.

इथे एक चूक सगळे करतात, थर्मामीटरचा फुगा पाण्यात बुडवतात. फुगा पाण्याच्या वर, वाफेत ठेवायचा. पाण्यात क्षार असतील तर ते जास्त तापमानाला उकळतं, भांडं फार स्वच्छ गुळगुळीत असेल तरी पाणी थोडं जास्त तापतं, पण वर निघणारी वाफ मात्र त्या दाबाला जे तापमान असायला हवं तेच दाखवते. आणि डिग्रीचा दहावा भाग वाचता येईल असाच थर्मामीटर हवा, कारण एक दशांश चुकला की ५५ फूट चुकले.

दुसरा अनेरॉइड, फ्रान्सच्या व्हिडीने १८४४ ला आणलेला, आतली हवा काढलेली पत्र्याची डबी, दाब बदलला की दबते किंवा फुगते आणि काटा फिरतो. वाचायच्या आधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची म्हणजे अडकलेला काटा सुटतो. याच्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण हवामान बदललं तरी काटा हलतो आणि तुम्हाला वाटतं आपण चढलो. उष्ण प्रदेशात तर दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारला उतरलेला असतो, ढग नसले तरी.

म्हणून असं करा. सकाळी ९ ला पायथ्याशी वाचन घ्या, समजा ९३० हेक्टोपास्कल. ११ ला वर ९०५. दुपारी १ ला परत पायथ्याशी या, आता ९२७.६. म्हणजे तुम्ही कुठेही न चढता चार तासांत हवेचा दाबच २.४ ने उतरला, वर होतात तेव्हा त्यातला निम्मा उतरलेला, म्हणून वरचं वाचन ९०६.२ धरा. फरक २३.८, या दाबाला आणि २५ डिग्रीच्या हवेत एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेनऊ मीटर, उत्तर २२६ मीटर. परतीचं वाचन घेतलं नसतं तर २३७ लिहून मोकळे झाला असता. आजकाल बऱ्याच मोबाईलमध्ये प्रेशर सेन्सर असतो, त्यावरही हे जसंच्या तसं करता येतं, करून बघाच.

सेक्सटंट आणि तेलाचा आरसा

आता माझा सगळ्यात आवडता भाग. समुद्रावर सेक्सटंटला क्षितिजाची रेघ मिळते, जमिनीवर झाडं डोंगर मध्ये येतात, रेघच नाही. त्यावर उपाय कृत्रिम क्षितिज, एक उथळ ट्रे, त्यात पारा. पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो, त्यात सूर्य दिसतो, आणि तो क्षितिजाच्या जितका वर तितकाच ट्रेमध्ये खाली दिसतो. म्हणजे आकाशातला सूर्य आणि ट्रेमधला सूर्य यांच्यातला कोन हा उंचीच्या दुप्पट. स्टुअर्टचे १११ अंश हे दुप्पट माप होतं! आणि दुप्पट मोजण्यात फायदाच आहे, कारण नंतर दोनने भागताना वाचनातली चूकही निम्मी होते.

पारा तुम्ही वापरू नका, त्याची वाफ विषारी असते आणि सांडला तर फटीतून काढता येत नाही. काळ्या ट्रेमध्ये वापरलेलं इंजिन ऑइल ओता, मस्त चालतं. वारा नको, तेलावर बारीक लहर आली तरी सूर्य फुटतो. त्यांच्या ट्रेवर काचेचं छोटं छप्पर असायचं आणि निम्मी मापं झाली की ते छप्पर उचलून उलट दिशेने ठेवायचे, काचेत जाडीचा फरक असेल तर तो दुसऱ्या निम्म्यात उलटा येऊन कटतो. कुणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल, मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

डोळ्यांचं आधी सांगतो. सेक्सटंटच्या दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावल्याशिवाय सूर्याकडे बघायचं नाही, तेलातल्या सूर्याकडेसुद्धा नाही. स्टुअर्टने त्याच मोहिमेत डायरीत लिहिलंय की उजवा डोळा इतका बिघडलाय की एकाऐवजी दोन सूर्य दिसतात आणि त्यामुळे काही मैलांची चूक झाली. शोभेच्या किंवा जुन्या यंत्राच्या काचांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका, त्या अतिनील आणि इन्फ्रारेड अडवतीलच असं नाही, आजच्या प्रमाणित सोलर फिल्टरचा तुकडा दोन्हीवर बसवा.

मग इंडेक्स एरर. भुजा शून्यावर आणा, थेट दिसणारा आणि आरशातून दिसणारा असे दोन्ही सूर्य एकावर एक यायला हवेत, सहसा येत नाहीत. किती चुकतंय ते असं काढा, एका सूर्याची कड दुसऱ्याच्या कडेला एकदा शून्याच्या या बाजूने टेकवा आणि एकदा त्या बाजूने. समजा कमानीच्या आतल्या बाजूला ३१ मिनिटं ४० सेकंद आले आणि शून्याच्या बाहेर ३२ मिनिटं ३० सेकंद. फरक ५० सेकंद, त्याचे निम्मे २५, बाहेरचं जास्त म्हणून प्रत्येक वाचनात २५ सेकंद मिळवायचे. आणि इथेच तपासणी फुकट मिळते, दोन्हींची बेरीज करून चारने भागा, १६ मिनिटं अडीच सेकंद, ही सूर्याची दिसणारी त्रिज्या झाली, ती वर्षभरात पावणेसोळा ते सव्वासोळा मिनिटांतच फिरते. तुमची याबाहेर आली तर वाचन चुकलंय, परत घ्या.

प्रत्यक्ष माप. दुपारी सूर्य सर्वात वर येण्याच्या अर्धा तास आधी ट्रेसमोर असे बसा की तेलात सूर्य नीट दिसेल. भुजा पुढे सारत आकाशातला सूर्य खाली उतरवत तेलातल्या सूर्याजवळ आणा आणि उतरवलेला वर, तेलातला खाली, असे कडेला कड लावून टेकवा. ही सूर्याची खालची कड झाली. सकाळच्या बाजूला सूर्य चढत असतो म्हणून टेकवलेले दोघं आपोआप एकमेकांपासून दूर जातात, तुम्ही स्क्रूने परत टेकवत राहा. एक वेळ येते की दूर जाणं थांबतं, थोडा वेळ तसेच टेकून राहतात आणि मग एकमेकांवर चढायला लागतात. दूर जाणं थांबलं तेव्हाचा आकडा तुमचा. दुर्बीण उलटी प्रतिमा दाखवणारी असेल तर वर खाली उलटं दिसेल, पण सकाळी दूर जातात म्हणजे खालची कड, ही खूण दोन्हीकडे चालते.

आता स्टुअर्टचं गणित आपण करू. १११ अंश ० मिनिटं ३० सेकंद, इंडेक्स एरर असेल तर ती इथेच, निम्मं करायच्या आधी, लावायची, आपण शून्य धरू. निम्मे केले, ५५ अंश ३० मिनिटं. खालची कड धरली तर सूर्याच्या मध्यासाठी १६ मिनिटं मिळवा, हवेतल्या वक्रीभवनाचं पाऊण मिनिट वजा करा, साधारण ५५ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद. हे ९० मधून वजा केलं की सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती लांब ते मिळतं, ३४ अंश १४ मिनिटं. त्या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचा कोन, उत्तरेला १२ अंश १५ मिनिटं होती, नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे खलाशांच्या पंचांगात, रोजची दिलेली असते. सूर्य उत्तरेला आणि आपण दक्षिण गोलार्धात, म्हणून वजा करा, २१ अंश ५९ मिनिटं दक्षिण. आणि ज्या डोंगराला त्याने सेंट्रल माउंट स्टर्ट नाव दिलं, जो आज सेंट्रल माउंट स्टुअर्ट आहे, तो २१ अंश ५५ मिनिटांच्या आसपास आहे आणि तळ त्याच्या दक्षिणेकडे दोन-अडीच मैलांवर होता. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर. अधू डोळ्याच्या, भुकेल्या, थकलेल्या माणसाने ट्रेभर पाऱ्यात बघून घेतलेलं माप आहे हे, मी कागदावर पहिल्यांदा सोडवलं तेव्हा अंगावर काटा आला.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. सेक्सटंटची कमान साधारण १२० ते १३० अंशांपर्यंतच मोजते, म्हणजे सूर्य ६०-६५ अंशांच्या वर गेला की दुप्पट कोन कमानीत मावत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला जूनमध्ये दुपारचा सूर्य ४३ अंशांवर, दुप्पट ८६, आरामात मावतो, पण डिसेंबरमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, मापच अशक्य. मग ते लोक रात्री तारे घ्यायचे, शक्यतो एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा, म्हणजे यंत्राची चूक एकाने अक्षांश वाढवते तर दुसऱ्याने तेवढाच कमी करते.

या मापांवरून नकाशात नावं पडत गेली, ती मात्र बाहेरच्यांनी दिलेली. ज्या पाणवठ्याला टॉडच्या बायकोचं, अ‍ॅलिसचं नाव मिळालं तो तिथल्या मूळच्या अरर्न्टे लोकांना आधीपासूनच माहीत होता आणि त्या जागेला त्यांचं स्वतःचं नाव होतं. ही यंत्रं हातात घेताना हे लक्षात असावं असं मला मनापासून वाटतं.

गॅल्व्हानोमीटर: तुटलेली तार न बघता शोधणे

तार उभी राहिल्यावर दुसऱ्या प्रकारची यंत्रं आली. गॅल्व्हानोमीटर म्हणजे तारेतला करंट काट्याने दाखवणारं यंत्र. आधी घरी टँजंट गॅल्व्हानोमीटर बनवा, सोपं आहे. २० सेंटीमीटर व्यासाचं कडं, प्लास्टिकच्या डब्याचं किंवा लाकडाचं, लोखंड नको, त्यावर इनॅमल तांब्याच्या तारेचे ५० वेढे, मध्यभागी आडवा कंपास. कडं उभं असं फिरवा की त्याचं पातं उत्तर-दक्षिण, म्हणजे काटा कड्याच्या रेषेतच राहील. आता दीड व्होल्टचा एक सेल आणि १० ओमचा रेझिस्टर मालिकेत जोडा, सेल कधीही नुसता शॉर्ट करू नका. भारतात काटा ४५ अंशांच्या आसपास जायला हवा. करंट कोनाच्या टँजंटच्या प्रमाणात असतो, म्हणून काटा २६.६ अंशांवर आला तर करंट निम्मा. ३० ते ६० अंशांमध्येच वाचा, त्यापलीकडे टँजंट इतका झपाट्याने बदलतो की अर्धा अंश चुकला तरी उत्तर बिघडतं. आणि काट्याची दोन्ही टोकं वाचा, मग सेल उलटा जोडून परत दोन्ही टोकं, चारची सरासरी. काटा मध्यात नीट बसला नसेल किंवा कडं थोडं तिरकं असेल तर ते यात निघून जातं.

याच्यापेक्षा नाजूक म्हणजे विल्यम थॉमसनचा १८५८ चा मिरर गॅल्व्हानोमीटर, रेशमाच्या तंतूला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चुंबक, आणि दिव्याचा कवडसा लांबच्या पट्टीवर सरकतो. तो समुद्राखालच्या केबलसाठी, जमिनीवरच्या तारेला एवढं नाजूक सहसा लागत नाही.

आता दोष शोधणं. तार पूर्ण तुटली तर करंटच नाही, दोन्ही स्टेशनांवरून माणसं घोड्यावर निघायची आणि मध्ये भेटेपर्यंत तार बघत यायची. पण जास्त त्रासदायक म्हणजे अर्धवट दोष, फुटलेला इन्सुलेटर, वाळवीने खाऊन कललेला खांब, तारेला टेकलेली ओली फांदी, करंट तिथून जमिनीत गळतो. तारेचा रेझिस्टन्स दर मैलाला १३ ओम धरू आणि दोन स्टेशनांमध्ये १८० मैल, म्हणजे पूर्ण तार २३४० ओम. एका टोकाने मोजलं, १४०० ओम. १३ ने भागून १०७ मैल म्हणाल तर माणूस चुकीच्या जागी जाईल, कारण त्या १४०० मध्ये गळतीच्या जागेचा स्वतःचा रेझिस्टन्सही मिसळलाय आणि तो किती ते कुणाला माहीत नाही. म्हणून दुसऱ्या टोकाने मोजा, आले १८६०. मोजताना समोरचं टोक मोकळं ठेवायचं, जमिनीला जोडायचं नाही. आता पूर्ण तारेत पहिलं माप मिळवा, दुसरं वजा करा, निम्मे करा. २३४० अधिक १४०० वजा १८६० म्हणजे १८८०, निम्मे ९४०, भागिले १३, साधारण ७२ मैल. गळतीचा अनोळखी रेझिस्टन्स वजाबाकीत आपोआप उडून गेला. एका बाजूच्या उत्तरात आणि यात ३५ मैलांचा फरक आहे, त्या वाळवंटात ३५ मैल म्हणजे घोड्याचा दीड-दोन दिवसांचा प्रवास आणि तेवढंच पाणी.

हे टेबलावर करून बघायला १० ओमचे २० रेझिस्टर एका रांगेत जोडा, प्रत्येक रेझिस्टर एक मैल समजा. घरातल्या कुणाला तरी सांगा की मधल्या कुठल्याही जोडावरून एक वेगळा रेझिस्टर काढून त्याचं मोकळं टोक बाहेर ठेव आणि रांग कापडाखाली झाक. ते मोकळं टोक म्हणजे जमीन. तुम्ही फक्त दोन टोकांवरून जमिनीपर्यंत मल्टिमीटरने मोजा आणि दोष कितव्या मैलावर ते सांगा. मुलांना हा खेळ भयंकर आवडतो, आणि मोठ्यांनाही.

रेखांश, म्हणजे तार स्वतःच यंत्र

अक्षांश सूर्य देतो, रेखांशाला मात्र घड्याळ लागतं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळेतला फरक कळला की रेखांशातला फरक कळला. क्रोनोमीटर, म्हणजे बरोबर न्यायची अचूक घड्याळं, प्रवासात हेलकावे आणि उन्हाने पुढेमागे व्हायचे आणि वेळेचा एक सेकंद चुकला की विषुववृत्तावर ४६० मीटर चुकले. तार आली आणि घड्याळ वाहून न्यायची गरजच संपली, इकडची टिकटिक तिकडे पाठवायची. अ‍ॅडलेड आणि डार्विनच्या स्थानिक वेळेत सुमारे ३१ मिनिटांचा फरक आहे, तो आता एका बैठकीत मोजता येऊ लागला.

तुम्ही एका मित्राला फोनवर धरून हे करू शकता, दोघंही लांबच्या गावी असाल तर उत्तम. दोघांनी सपाट जागेवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, आपला जुना शंकू, भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ लिहायची, दुपारनंतर परत शिवतं ती वेळ लिहायची, दोन्हींच्या मधोमध तुमची स्थानिक मध्यान्ह. नुसती सर्वात छोटी सावली बघत बसू नका, त्या वेळी ती इतकी हळू बदलते की दोन-चार मिनिटं सहज चुकतात, दोन्ही बाजूंनी घेतली की नेमकी येते. एकाऐवजी तीन-चार वर्तुळं काढा. मग दोघांच्या मध्यान्हीतला फरक मिनिटांत घ्या, चारने भागा, रेखांशातला फरक अंशांत. टेलिग्राफवाले एक काम जास्त करायचे, खूण आधी इकडून तिकडे आणि मग तिकडून इकडे पाठवायचे, कारण खूण पोहोचायला लागणारा क्षण एका वेळी मिळवला जातो आणि दुसऱ्या वेळी वजा होतो, सरासरीत राहतच नाही.

१८६८ मध्ये टॉडने सिडनी आणि मेलबर्नच्या वेधशाळांशी तारेने वेळ जुळवून १४१ अंश रेखांशाची रेषा कुठे येते ते काढलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाची पूर्वेची सीमा कायद्याने त्याच रेषेवर, आणि १८४७ पासून वेड नावाच्या सर्व्हेअरने ती जमिनीवर आखायला घेतलेली होती, तारेआधीच्या रेखांशावर भरवसा ठेवून. ती आखलेली रेषा खऱ्या रेषेच्या सुमारे ३.६ किलोमीटर पश्चिमेला निघाली, वेळेत मोजलं तर जेमतेम साडेनऊ सेकंद. त्यावरचा वाद १९१४ पर्यंत चालला, शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, आखलेली रेषाच कायम ठेवली. मरे नदीच्या उत्तरेची सीमा मात्र तारेच्या मापाने आखली गेली. मोबाईलवर नकाशा उघडा आणि जिथे दक्षिण ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स मरे नदीवर एकत्र येतात तिथे झूम करा, खालून आलेली सीमा आणि वर गेलेली सीमा एका ओळीत नाहीत, मध्ये ते साडेनऊ सेकंद अजून तसेच आहेत.